परदेशातील घर आणि मनुष्यऋण

नोकरीनिमित्त परदेशी जाणाऱ्याने तेथे कोणत्या वस्तीत राहावे, हा प्रश्न भाडे, शाळा, कचेरीचे अंतर आणि जवळचे किराणा दुकान यांच्या हिशेबात सुटतो असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आणि अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथून निघालेल्या कुटुंबांना तो हिशेब कोणी शिकवावा लागत नाही, कारण घराची किंमत स्टेशनपासून चालत किती मिनिटे आणि पूर्वेला की पश्चिमेला यांवर ठरते हे त्यांना लहानपणापासून ठाऊक असते. भारतीय धर्मपरंपरांनी मात्र निवासाची निवड ही केवळ सोयीची बाब कधीच मानली नाही. माणूस कोठे राहतो यावर त्याचे आचरण, त्याची संगत आणि काही मतांनुसार त्याची मरणोत्तर गतीही अवलंबून असते, असे धरून त्यांनी नियम केले आणि त्या नियमांना अपवादही जोडले. आजच्या स्थलांतरिताच्या दृष्टीने नियमांपेक्षा हे अपवादच अधिक बोलके आहेत.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात देशांची एक उतरंड सांगितली आहे. सरस्वती आणि दृषद्वती या नद्यांमधील ब्रह्मावर्त सर्वांत श्रेष्ठ, त्यानंतर ब्रह्मर्षिदेश व मध्यदेश, मग हिमालय आणि विंध्य यांच्यामधला, दोन्ही समुद्रांपर्यंत पसरलेला आर्यावर्त; आणि जेथे काळवीट स्वभावतः वावरतो तो देश यज्ञाला योग्य, त्यापलीकडचा तो म्लेंच्छांचा. या मोजपट्टीने पाहिले तर मुंबईची उपनगरे विंध्याच्या दक्षिणेला, म्हणजे आर्यावर्ताच्या बाहेरच पडतात, आणि काळविटाची कसोटी लावावी तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात चितळ, सांबर व बिबटे असले तरी काळवीट हा कोकणच्या दमट रानातला प्राणी नव्हे. परदेशी जाताना आपण पवित्र भूमी सोडून चाललो आहोत असे ज्याला वाटते, त्याच्या पूर्वजांनी त्या भूमीची शास्त्रोक्त सीमा कित्येक शतकांपूर्वीच ओलांडलेली होती. बौधायन धर्मसूत्रात तर वंग, कलिंग, सौवीर अशा देशांत जाऊन आलेल्यासही शुद्धीसाठी विधी सांगितला आहे. आज भुवनेश्वरला बदली झालेल्या बँक अधिकाऱ्याला हे कोणी ऐकवीत नाही.

या उतरंडीनंतर लगेच मनुस्मृतीत एक सवलत येते. द्विजांनी, म्हणजे उपनयनाचा अधिकार असलेल्या तीन वर्णांनी, प्रयत्नपूर्वक याच देशांत राहावे. उपजीविकेच्या ओढीने गांजलेल्या शूद्राने मात्र कोठेही राहिले तरी चालेल. ज्याला श्रम विकून पोट भरावयाचे आहे त्याच्यापुरता भूमीच्या पावित्र्याचा नियम शास्त्रकाराने सैल केला. वर्णव्यवस्थेतील तुच्छता या सवलतीत उघड आहे, पण तिच्यातच एक अनपेक्षित उपरोधही दडला आहे, तो असा की पगारासाठी न्यू जर्सीत किंवा दुबईत जाणारा आजचा अभियंता, मग तो कोणत्याही जातीत जन्मलेला असो, मनूच्या कसोटीने याच सवलतीखाली प्रवास करीत असतो.

समुद्रप्रवासाच्या निषेधाचा इतिहासही असाच वळणावळणांचा आहे. बौधायनाने समुद्रगमनाला एका ठिकाणी पतनाचे कारण म्हटले आणि दुसऱ्या ठिकाणी ती उत्तरेकडील लोकांची रूढी असल्याचे नोंदविले, याचा अर्थ लोक जातच होते. पुढे कलिवर्ज्य, म्हणजे पूर्वी मान्य असलेल्या पण कलियुगात वर्ज्य ठरविलेल्या आचारांच्या याद्या तयार झाल्या, तेव्हा द्विजाची समुद्रयात्रा त्यांत घातली गेली. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस निघाल्या, त्याआधी बंगालमधील श्रीरामपूर येथील भाषणात त्यांना आपण का जातो याचा जाहीर खुलासा करावा लागला, आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येण्याचा निर्धारही तेथेच सांगावा लागला. न्यू जर्सीतील रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबाने त्यांना घरात घेतले; 1886 मध्ये त्या फिलाडेल्फियातून पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातील पॉकिप्सी येथील दफनभूमीत त्या कुटुंबाच्या जागेत ठेवली गेली. ज्या समाजाने समुद्र ओलांडण्याबद्दल त्यांना जाब विचारला, त्याच समाजातील कुटुंबाने त्यांचे अवशेष आपखुशीने समुद्रापार धाडले. धर्मशास्त्राचे नियम युक्तिवादाने क्वचितच मोडतात. ते अशा कृतज्ञतेपुढे निरुत्तर होतात.

कर्मकांडाने तर भूगोलाशी केव्हाच जुळवून घेतले आहे. कोणत्याही पूजेच्या आरंभी कर्ता संकल्प करतो, म्हणजे आपण कोणत्या काळी व कोणत्या स्थळी हे कर्म करीत आहोत ते उच्चारतो. महाराष्ट्रातील संकल्पात भरतखंड, दंडकारण्य आणि गोदावरीचा दक्षिण तीर यांचा उल्लेख येतो, आणि अमेरिकेतील काही मंदिरांत पुरोहित त्या जागी क्रौंचद्वीप व रमणकवर्ष ही पौराणिक नावे घेतात. पुराणांच्या नकाशावर नवे घर शोधून दाखविण्याची ही हुशारी कौतुकास्पद आहे, पण तिने सुटतो तो प्रश्न केवळ भूखंडाचा. त्या भूखंडावर कोणाच्या शेजारी राहावे, हे संकल्प सांगत नाही.

शेजाराचा विचार श्रमण परंपरांनी, म्हणजे वेदप्रामाण्य न मानणाऱ्या जैन व बौद्ध मार्गांनी, अधिक खोलवर केला. जैन गृहस्थाच्या व्रतांत दिग्व्रत नावाचे एक व्रत आहे. त्यात श्रावक प्रत्येक दिशेला आपण कोठवर जाऊ याची मर्यादा आयुष्यभरासाठी ठरवितो, आणि त्यामागचा विचार असा की जेथे माणूस जात नाही तेथे त्याच्या हातून हिंसा व संग्रह घडण्याचा संभव उरत नाही. एका दिशेची मर्यादा घटवून दुसरीची वाढविणे यास क्षेत्रवृद्धी म्हणतात आणि तो व्रताचा दोष गणला जातो, इतका हा हिशेब काटेकोर आहे. घाटकोपर, मुलुंड व बोरिवलीतील अनेक जैन कुटुंबे देरासर, म्हणजे जैन मंदिर, आणि उपाश्रय, म्हणजे साधू-साध्वींच्या मुक्कामाची जागा, चालत जाण्याच्या अंतरावर असेल असेच घर पाहतात, कारण साधू-साध्वी वाहनात बसत नाहीत. धर्माने घराचा पत्ता ठरविण्याचे याहून ठळक उदाहरण मुंबईत क्वचितच सापडेल. बौद्ध विहारांत म्हटल्या जाणाऱ्या महामंगल सुत्तात अनुरूप प्रदेशात वास करणे हे उत्तम मंगल म्हटले आहे. परंतु त्या सुत्ताचा क्रम पाहण्यासारखा आहे. मूर्खांची संगत टाळणे, सुज्ञांची धरणे आणि पूजनीयांचा सन्मान करणे ही मंगले आधी येतात आणि प्रदेश नंतर. देश चांगला की वाईट हे तेथील माणसांवरून ठरावे, असे या क्रमातून सुचते.

मराठीच्या आरंभकाळात महानुभाव पंथाने हाच प्रश्न दोन्ही टोकांनी हाताळला. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी अनुयायांना स्वदेश, स्वग्राम आणि विशेषतः नातलग यांचा संबंध सोडण्यास सांगितले. त्यांच्या वचनांचा संग्रह असलेल्या त्याच सूत्रपाठात त्यांनी कानडी व तेलंगी मुलखात न जाता महाराष्ट्रात राहावे असेही सांगितले आहे. वरवर पाहता यात विसंगती दिसते, पण दिलेले कारण वाचले की ती विरते. त्या मुलखांत विषयभोगांची रेलचेल आहे आणि विरक्ताला तेथे मान फार मिळतो, म्हणून ते टाळावेत. जेथे आपला मान वाढतो ती जागा साधकाला घातक, ही कसोटी आजच्या घरशोधणीत कोणी लावीत नाही, आणि संसारी माणसाने ती जशीच्या तशी लावावी असेही नाही. तरी ती विसरण्याजोगी नाही. पुढे याच पंथाचे लोक पंजाबात आणि काबूलपर्यंत जाऊन राहिले, आणि तेथेही त्यांचे धर्मग्रंथ मराठीतच राहिले.

एडिसन, हॅरो, हाउन्स्लो किंवा ब्रॅम्प्टन अशा ठिकाणी आपल्या लोकांच्या आसपास घर घेण्याची जी ओढ असते, तिचे परीक्षण या पार्श्वभूमीवर करता येते. तिच्या बाजूने बरेच बोलता येईल. आचार एकट्याने टिकत नाही. गणपतीच्या आरतीला दहा माणसे जमली नाहीत तर पुढच्या पिढीला आरती केवळ ध्वनिमुद्रणातून कळते, सुईणीपासून तिलांजलीपर्यंतच्या प्रसंगी जवळ कोणी लागते, आणि न. चिं. केळकरांनी 1932 मध्ये लंडनला महाराष्ट्र मंडळ स्थापन केले ते याच गरजेपोटी. अनुरूप प्रदेशाची बौद्ध कसोटीही अशा वस्तीला अनुकूल म्हणता येईल. महानुभावांची कसोटी मात्र तिच्या विरुद्ध जाते, कारण आपल्याच माणसांची दाट वस्ती मान मिळविण्याची सोयीस्कर जागा असते. मुलुंडच्या सोसायटीत ज्याला कोणी सेक्रेटरी केले नसते तो परक्या शहरात एखाद्या उत्सवाचा आजन्म अध्यक्ष होऊन बसतो. हा दोष क्षम्य आहे. अधिक गंभीर दोष असा की अशा वस्तीत राहणाऱ्याला आपण तेथे परके आहोत, आणि कोणीतरी आपल्याला जागा दिली म्हणून येथे आहोत, याची जाणीव हळूहळू उरत नाही.

या जाणिवेचे मूल्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातून सर्वांत स्पष्ट दिसते. 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या वसतिगृहात खोली मिळाली, नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी जन्माची मैत्री जुळली, आणि पुढे 1921-22 मध्ये लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील 10 क्रमांकाच्या घरात त्यांना राहता आले. मधल्या काळात, 1917 मध्ये, ज्या संस्थानाने शिष्यवृत्ती दिली होती त्या बडोद्यात ते नोकरीवर रुजू झाले तेव्हा राहायला जागा मिळेना. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले, ओळख फुटताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले, हिंदू आणि ख्रिस्ती मित्रांनीही घरात घेण्यास असमर्थता दाखविली, आणि मुंबईची गाडी सुटेपर्यंतचा वेळ त्यांनी बागेत बसून घालविला. हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. देश माझ्या वास्तव्याला योग्य आहे का, असे मनू विचारतो. बडोद्याच्या प्रसंगानंतर विचारावा लागणारा प्रश्न असा की परक्याला एक खोली देण्याची या देशाची योग्यता आहे का. परदेशी नोकरीला जाणारा प्रत्येक जण, त्याला ठाऊक असो वा नसो, हा दुसरा प्रश्न विचारतच विमानातून उतरतो. अमेरिकेत त्याला धर्म किंवा मूळ देश यांमुळे घर नाकारता येत नाही, ते 1968 च्या फेअर हाउसिंग कायद्यामुळे. तो कायदा मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात झाला आणि त्यामागे कृष्णवर्णीयांचा दीर्घ लढा होता. त्या लढ्यात भारतीय स्थलांतरिताचा वाटा नव्हता, लाभ मात्र आहे.

न फेडलेल्या लाभाला वैदिक परंपरेत ऋण म्हणतात. देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे सर्वपरिचित आहेत; शतपथ ब्राह्मणात त्यांना मनुष्यऋण हे चौथे जोडलेले आहे, आणि ते माणसांना निवारा व अन्न देऊन फिटते असे तेथे म्हटले आहे. निवाऱ्याचे ऋण निवाऱ्यानेच फिटते, ही कल्पना स्थलांतरिताला तंतोतंत लागू पडते, कारण तो परदेशात भाडेकरू असतो तेव्हा बहुधा मुंबईत घरमालकही असतो. बोरिवलीचा किंवा मुलुंडचा बंद फ्लॅट भावाच्या नावे मुखत्यारपत्र करून लीव्ह अँड लायसन्सवर दिला जातो. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार तो करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि त्यात नावे, रक्कम, डिपॉझिट, बहुधा अकरा महिन्यांची मुदत असे सारे येते. त्यात न येणारी गोष्ट म्हणजे ब्रोकरला आधीच फोनवर दिलेली सूचना: व्हेज फॅमिलीच पाहा, अमुक समाजाचे नकोत, एकटी मुलगी नको.

कायदा या सूचनेपर्यंत फारसा पोहोचत नाही. 2005 मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते राखणारा पोटनियम अवैध ठरविला नाही. 2023 मध्ये मुलुंडला एका मराठी स्त्रीला कार्यालयासाठी जागा नाकारल्याचा प्रकार गाजला तेव्हा नकार मराठी माणसाच्याच वाट्याला आलेला दिसला, नकाराची रीत तीच होती. भाडेकरू पैसे मोजतो, तो अतिथी नव्हे, तेव्हा येथे ऋणाचा प्रश्न येतोच कोठे, असा आक्षेप घेता येईल. व्यवहार झाल्यानंतर तो रास्त ठरेल. पण नकार येतो तो व्यवहाराच्या आधी, पैशाची गोष्ट निघण्यापूर्वी, केवळ आडनाव ऐकून, आणि त्या क्षणी दारातला माणूस केवळ निवारा मागणारा माणूस असतो. शाकाहारी घरात मांस शिजू नये असे वाटणे हा आचार म्हणून समजण्याजोगा आहे. आडनावावरून तो आचार ताडणे हा मात्र आचार नव्हे.

म्हणून परदेशात कोणती वस्ती निवडावी याचे उत्तर परंपरेकडे मागणाऱ्याने आधी आपल्या मुंबईच्या घराचे पाहावे. परदेशात एडिसन की जर्सी सिटी, हे ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवावे. निघण्यापूर्वी ब्रोकरला दिलेली ती तोंडी सूचना मात्र मागे घ्यावी.