शूर मुलीचा आजार



मरणाला न भिणारी प्रत्येक व्यक्ती शूर असते का? प्रश्न सोपा वाटतो. लढाईत पुढे होणाऱ्याला आपण शूर म्हणतो आणि त्याच्या छातीवर पदक लावतो. परंतु त्या पुढे होणाऱ्याला जगायचेच नसेल तर? आज आम्ही हा प्रश्न एका काल्पनिक कथेतील नायिकेच्या आधारे तुमच्यापुढे ठेवीत आहोत.

ही कथा जे. आर. आर. टोल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या १९५४-५५ साली तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतली. तिच्यावरचे चित्रपट आपल्या तरुणांनी पाहिले असतील. वडीलधाऱ्यांना मात्र राक्षस, जादूगार आणि बुटक्यांची ही गोष्ट पोरकट वाटण्याचा संभव आहे. लेखक पोरकट नव्हता. टोल्किन श्रद्धावंत कॅथलिक होते. चार वर्षांचे असताना वडील वारले, बाराव्या वर्षी आई गेली. पुढे बर्मिंगहॅम ऑरेटरीचे फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी पालक म्हणून त्यांची जबाबदारी घेतली. १९१६ साली ते फ्रान्समध्ये सॉमच्या लढाईत होते आणि खंदकात पसरणाऱ्या तापाने आजारी पडून मायदेशी परतले. शाळेपासूनच्या चौघा जिवलगांपैकी दोघे त्याच वर्षी युद्धात गेले. अंगावर जखम नसतानाही थरथर कापणारे, बोलणे हरपलेले सैनिक त्या युद्धाने जगाला दाखवले. त्यांतल्या काहींना पळपुटे ठरवून त्यांच्याच सैन्याने गोळ्या घातल्या. अशा शिक्षा झालेल्या तीनशेहून अधिक जणांना ब्रिटनने मरणोत्तर माफी दिली ती २००६ साली, म्हणजे नव्वद वर्षांनी. मनाचा आजार आणि मनाचा भित्रेपणा यांतला फरक ओळखायला माणसाला इतका वेळ लागतो.

आता नायिकेकडे वळू. एओविन ही घोडेस्वारांच्या रोहन देशाची राजकन्या, राजा थेओदेनची भाची. ती सात वर्षांची असताना वडील शत्रूकडून मारले गेले, आणि त्या दुःखाने आईही लवकरच गेली. तिला व थोरल्या भावाला, एओमेरला, मामाने आपल्या लेकरांसारखे वाढवले. पुढे मामा वृद्ध झाला आणि एका कपटी सल्लागाराच्या नादी लागून पार खचला. भाऊ घोड्यावर बसून सरहद्दीवर लढायला जाई. घरात राहून त्या म्हाताऱ्याचे हवे-नको पाहायचे काम एओविनचे. सल्लागाराची वाईट नजर तिच्यावर होती, तीही ती सोसत होती. ती तक्रार करत नसे, म्हणून तिला काही दुखत असेल असे कोणाच्या मनातही आले नाही.

मग आरागॉर्न नावाचा थोर योद्धा त्या राज्यात येतो. तिचे मन त्याच्यावर जडते, पण त्याचे मन दुसरीकडे गुंतलेले असते. तो मृत्यूच्या वाटेने निघतो तेव्हा ती बरोबर यायचा हट्ट धरते. उत्तर मिळते, तू मागे राहा आणि प्रजेला सांभाळ. पुन्हा तेच! तुला भय कशाचे, असे तो विचारतो, तर ती मरणाचे नाव घेत नाही, पिंजऱ्याचे घेते. अखेर पुरुषवेष करून ती सैन्यात मिसळते आणि मेरी नावाच्या बुटक्याला आपल्या घोड्यावर घेते. (मेरी हे इथे पुरुषाचे नाव आहे, आपल्या भगिनींनी गैरसमज करून घेऊ नये.) या अनोळखी स्वाराचा चेहरा पाहून मेरीच्या अंगावर काटा येतो. आशा संपलेला, मरण शोधत निघालेला हा कोणी आहे, असे त्याला वाटते.

रणात मामा पडतो. त्याच्या देहावर झेपावणाऱ्या शत्रूसेनापतीच्या आड एओविन एकटी उभी राहते. कोणा पुरुषाच्या हातून हा सेनापती मरणार नाही अशी भविष्यवाणी असते. मेरी त्याच्या पायावर मागून वार करतो आणि ती त्याला ठार करते. चित्रपटगृहात टाळ्या पडतात त्या इथे. आम्हांला मात्र यापुढचे रुग्णालयाचे प्रकरण अधिक मोलाचे वाटते. चित्रपटगृहात दाखवलेल्या आवृत्तीतून नेमके तेच जवळजवळ वगळले होते.

एओविनला मृत समजून नगरात आणतात. तिचा श्वास चालू असल्याचे एका सरदाराच्या ध्यानी येते. ढालीचा हात मोडला आहे, तो बरा होण्याजोगा आहे. पण तलवारीचा हात थंडगार पडला आहे आणि ती हळूहळू बुडत चालली आहे. आरागॉर्न औषधी पाल्याने तिला शुद्धीवर आणतो, परंतु स्पष्ट सांगतो की तिचे दुखणे आजच्या लढाईचे नाही, फार जुने आहे. शरीर जागे करणे आपल्या हाती आहे, आशा जागी होईल की नाही ते ठाऊक नाही. भाऊ अवाक् होतो. तुला घोडे होते, शस्त्रे होती, मोकळी माळराने होती, तिच्यापाशी काय होते, असे वृद्ध गँडाल्फ त्याला विचारतो. एकाच घरात राहून भावाला बहिणीचे मन कळले नव्हते.

ॲरिस्टॉटल म्हणतो की दारिद्र्य, प्रेमभंग वा दुःख चुकवण्यासाठी मरणाकडे जाणे हे शूराचे नव्हे, भित्र्याचे लक्षण होय. सेमिनरीच्या परीक्षेत हे उत्तर चालून जाते. एओविनपुढे ते तोकडे पडते. मामाच्या देहावरून ती हलली नाही ती प्रेमाने, आणि घरातून निघाली ती निराशेने. एकाच काळजात दोन्ही असू शकतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती सारखीच दिसतात. म्हणून 'केवढी खंबीर मुलगी, सगळे एकटी ओढते' असे कोणाविषयी म्हणताना आपण जरा थांबावे, असे आम्हांला वाटते. अशी शाबासकी कित्येकदा तिच्या तोंडाला लावलेले कुलूप ठरते.

नैराश्य हे पाप नव्हे काय, असे कोणी विचारील. परमेश्वराच्या दयेला जाणूनबुजून पाठ फिरवणे याला ख्रिस्तसभा पाप म्हणते. आजाराने मन विझणे ही वेगळी गोष्ट आहे, ती कोणी निवडलेली नसते. हा भेद ख्रिस्तसभेच्या नियमांत उमटायलाही काळ लागला. १९१७ च्या धर्मनियमावलीत हेतुपुरस्सर आत्महत्या केलेल्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता. १९८३ च्या नियमावलीत तो उल्लेख उरला नाही. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने तर सांगितले की गंभीर मानसिक विकार, तीव्र व्यथा वा भय यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि अशांच्या तारणाविषयी आपण आशा सोडू नये.

संत थॉमस अक्वायनस यांनी दुःखावरचे उपाय दिले आहेत. आनंद, अश्रू, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, आणि हो, झोप व स्नान! तेराव्या शतकातला हा महापंडित दुःखी माणसाला नीट झोपायला आणि अंघोळ करायलाही सांगतो. मित्रांमुळे दुःख हलके का होते? ओझे वाटले जाते हे एक कारण. त्याहून खरे कारण ते असे देतात की आपल्यावर कोणाचे प्रेम आहे हे त्या माणसाला दिसते. प्रार्थना तर करावीच, पण ताप आल्यावर डॉक्टरकडे जाताना आपली श्रद्धा कमी होत नाही, तशी मनोविकारतज्ज्ञाकडे जातानाही होत नाही. २०२२ पासून शासनाची 'टेलिमानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. क्रमांक घरात लिहून ठेवावा.

एओविनला त्या रुग्णालयात फारामिर भेटतो. तोही जखमी, भाऊ गमावलेला. ती रागाने सांगते की मला पुन्हा रणात जाऊन मरायचे आहे, आणि माझ्या खोलीची खिडकी पूर्वेकडे नाही. तो तिच्याशी वाद घालत नाही, उपदेशही करत नाही. खिडकीची व्यवस्था करतो, आणि बागेत फिरायला येत जा म्हणतो. पुढे विजयाची वार्ता येते, सगळे नगर गाऊ लागते, तरी ती उदासच राहते. तेव्हा तो सरळ विचारतो, का? शेवटी ती रोगी बरे करण्याचे काम पत्करायचे ठरवते आणि त्याच्याशी लग्न करते. लढवय्या स्त्रीला लेखकाने संसाराला लावले, अशी तक्रार काही वाचक करतात. आम्हांला ती पुरती पटत नाही. तिने सोडली ती मरणाची ओढ, धैर्य नव्हे.

पण टोल्किन सर्वांना बरे करीत नाहीत. कथानायक फ्रोडो जिंकून घरी येतो, आणि जखमेची तारीख आली की दरवर्षी आजारी पडतो. दोन वर्षांनी तो जहाजात बसून कायमचा निघून जातो. निरोप द्यायला आलेला त्याचा मित्र सॅम एकटा परतू नये म्हणून गँडाल्फने आणखी दोघांना आधीच कळवलेले असते. तिघे घोड्यांवरून घराकडे निघतात. वाटेत कोणी एक शब्द बोलत नाही, पण सोबत असतात.