फोटोवरचं नाव

माझा एक मित्र लग्नाचे फोटो काढतो. निवडून-गाळून एका लग्नाचे हजारेक फोटो उरतात आणि त्या सगळ्यांवर त्याचा लोगो टाकायचं काम माझ्याकडे येतं, कारण त्यासाठी मी पायथॉनची एक छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवली आहे. फोल्डर द्यायचं, लोगोची फाईल द्यायची, चहा होईपर्यंत काम संपतं. स्क्रिप्टला दोनच गोष्टी सांगाव्या लागतात: लोगो कुठे आणि किती ठळक. आमचे सगळे वाद या दोन गोष्टींवरून होतात.

त्याला लोगो मधोमध हवा असतो. कोपऱ्यातला लोगो कोणीही क्रॉप करतं. त्याने काढलेला एका नवरीचा फोटो एका दुकानाने असाच कोपरा कापून जाहिरातीत वापरला, ना पैसे दिले ना नाव. त्याचा राग रास्त आहे. पण दुसऱ्या एका नवरीच्या आईने त्याला विचारलं होतं, "माझ्या मुलीच्या चेहऱ्यावर तुमचं नाव कशाला?" तेही रास्तच आहे.

आधी तांत्रिक बाजू बघू. डिजिटल फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता. लोगोची ओपॅसिटी 30 टक्के ठेवली, की लोगोखालच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये 70 टक्के फोटो आणि 30 टक्के लोगो अशी भेसळ होते. भेसळीचं प्रमाण आणि लोगो कळला, की साध्या गणिताने मूळ आकडे जवळजवळ परत मिळतात. एकच वॉटरमार्क शेकडो फोटोंवर असेल, तर त्यांची तुलना करून संगणक तो आपोआप ओळखतो आणि पुसतो, हे गूगलच्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवून दिलं. फाईलच्या मेटाडेटात नाव लिहावं, तर व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना ते गळून पडतं. थोडक्यात, कुलूप म्हणून वॉटरमार्क कच्चंच. जितकं पक्कं करावं तितका फोटो खराब होतो.

मग ते टाकायचं कशासाठी? इथे 1957 चा कॉपीराइट कायदा मला फार समंजस वाटतो. कलम 17 नुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो त्या घराचे. पण कलम 57 म्हणतं, की हक्क दुसऱ्याकडे गेले तरी 'हे मी केलं' असं सांगण्याचा कर्त्याचा अधिकार उरतोच. मालकी वेगळी, नाव वेगळं. मधोमध टाकलेला लोगो या दोन्हींची गल्लत करतो. त्याला सांगायचं असतं 'हे मी काढलं', पण ऐकू येतं 'हे माझं आहे'.

मराठीला हा फरक नवा नाही. अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'जनी म्हणे' येतं. ही नाममुद्रा रचनेतच विणलेली, त्यामुळे ती कापून काढणं अवघड. तरीही ती कुलूप नव्हती. तुकारामांची मुद्रा लावून इतरांनीही अभंग रचले आणि खरे कोणते यावर अभ्यासक वाद घालत राहिले. मुद्रा फक्त सांगते, की या शब्दांची जबाबदारी कोणाची. गायला सगळ्यांना मोकळीक.

म्हणून मला वाटतं, वॉटरमार्क सहीसारखं असावं: कडेला, लहान, वाचता येईल असं. स्वतःच्या पेजवर नमुन्यादाखल टाकलेल्या फोटोंवर मित्राने हवं तर मधोमध छापावं. घरी द्यायच्या फोटोंवर नको. त्या चेहऱ्यांना तिथे स्वतःचंही काही म्हणायचं असतं.

यात त्याची जोखीम आहे, हे मला मान्य आहे. सही कापली जाईल. पण ती जोखीम त्याच्या एकट्याच्या माथी का? कोपरा कापणारी बोटं दर वेळी कुठल्या दुकानदाराचीच नसतात. सूर्यास्ताचा सुंदर फोटो स्टेटसला ठेवताना खालचं नाव 'मध्ये येतं' म्हणून आपणच ते उडवतो. फोटोग्राफरने नाव चेहऱ्यावर आणू नये असं वाटत असेल, तर कडेला लिहिलेलं नाव आपण तिथे राहू द्यायला हवं. आणि ते नसेल, पण फोटो कोणाचा हे माहीत असेल, तर फोटोखाली एक ओळ टाइप करायला दहा सेकंद लागतात.