कपोत आणि पृथ्वी

३० जून २०२४, रविवार. भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याहून आलेल्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. प्रवाहात एकमेकांना घट्ट धरून उभे असलेले ते आपण सगळ्यांनी मोबाईलवर पाहिले. तोंडून निघालं काय? "कशाला जायचं मरायला!" माळीणवर २०१४ साली डोंगर कोसळला तेव्हा असं कोणी म्हणालं नाही. ती माणसंही अनोळखीच, पण गावकरी. हे मात्र 'पर्यटक'.

कोणी अवधूताच्या चोवीस गुरूंतला कपोत पुढे करतात. पिलांच्या मोहापायी तो जाळ्यात पडला, म्हणून कशात गुंतू नये म्हणे! पण त्याच चोवीसांत पहिली गुरू पृथ्वी. तिचे डोंगर, तिची झाडं दुसऱ्यासाठीच उभी असतात, हे सोयीने राहून जातं.

लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'ची पोरं त्या पाण्यात शोधायला उतरली. दोर धरताना मन घट्ट करावंच लागतं, रडून भागत नाही. मला अलिप्तता म्हणतात ती ही वाटते. आपलं ते नुसतं लांबून बघणं.

पुढच्याच वर्षी, १५ जूनला, आपल्याच तालुक्यात कुंडमळ्याचा पूल इंद्रायणीत कोसळला. चौघे गेले. पारावर पुन्हा तोच प्रश्न, "रविवारी तिथं गर्दी कशाला करायची?"