गृहलक्ष्मीचे ऋण

चांदवडला १९८६मध्ये शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम मांडला: नवऱ्याने राजीखुशीने काही जमीन बायकोच्या नावे करायची आणि शंभर घरांनी तसे केले की ते गाव लक्ष्मीमुक्त म्हणायचे. हे दान होते का? मला तसे वाटत नाही. परंपरेने देव, ऋषी, पितर यांची ऋणे मोजली. पण बी निवडणारी, चिखलात वाकून भात लावणारी, वर चूलही सांभाळणारी बाई त्या हिशेबात आलीच नाही. देणे फेडताना उपकाराची भाषा कशी चालेल?

नाव सातबाऱ्यावर चढले तरी कारभार नवऱ्याचाच राहतो, हा आक्षेप खरा आहे. पण म्हणून नाव निरर्थक ठरत नाही. ते नसेल तर पीककर्ज मागताना तिला बँकेच्या दारात उभे राहायलाही आधार नसतो, आणि नवरा गेल्यावर वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात. घर मोडेल, असेही म्हणतात. तिच्या हक्काने मोडणारे घर आजवर कोणाच्या जिवावर उभे होते? हाच प्रश्न बहिणीच्या वाट्यालाही लागू आहे. मुंबईत नाहूरच्या सदनिकेत राहून गावच्या जमिनीत वाटा राखणाऱ्या भावांनी बहिणीकडून हक्कसोड लिहून घेण्यापूर्वी याचे उत्तर द्यावे.