प्रत क्रमांक ३१

गेले सहा महिने एक पुस्तक मी रात्री कपाटातून काढतो, टेबलावर ठेवतो आणि न उघडता परत जागेवर ठेवून देतो. कवितासंग्रह आहे. हातकागदावर, खिळे जुळवून छापलेला, एकूण २०० प्रती. आत एका चित्रकाराची नऊ लिनोकट चित्रं. शेवटच्या पानावर छोटीशी नोंद, तिच्याखाली कवीची निळ्या शाईतली सही, चित्रकाराची पेन्सिलीतली, आणि दोघांच्या मधे हाताने लिहिलेला आकडा : ३१. कवीचं आणि चित्रकाराचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. ज्या घरातून हे पुस्तक माझ्याकडे आलं ते घर त्यावरून कुणाला ओळखू यायला नको. दोष त्या घराचा नाही, माझा आहे.

मी कवितांची पुस्तकं जमवतो. जी कवीने आणि चित्रकाराने मिळून केली, मोजक्या प्रतींत निघाली, ज्यांवर सह्या आहेत, अशी. सुरुवात अशी नव्हती. विशीत असताना माझ्याकडे पुस्तकं घ्यायला पैसे नसत, तेव्हा वाचनालयातून संग्रह आणून त्यातल्या कविता मी वहीत उतरवून घ्यायचो. त्या वहीतल्या बऱ्याच कविता मला आजही पाठ आहेत. कपाटातल्या पुस्तकांतल्या किती पाठ आहेत, हे मी स्वतःला फार वर्षं विचारलंच नव्हतं.

कपाटाची सुरुवात झाली फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवर. तिथे अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’ या इंग्रजी कवितासंग्रहाची १९७६ सालची पहिली आवृत्ती मिळाली, क्लिअरिंग हाऊसची. आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि अरुण कोलटकर या चार कवींनी मिळून काढलेली ती प्रकाशनसंस्था. इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीय कवीला प्रकाशक सहजी मिळत नव्हता, म्हणून त्यांनी आपली पुस्तकं आपणच काढली. कोलटकर जाहिरातीच्या धंद्यातले नावाजलेले कलादिग्दर्शक. पुस्तकाचा आकार, अक्षर, कवितेभोवती सोडलेली मोकळी जागा, सगळ्याला त्यांचा हात लागलेला. ती प्रत हातात घेतली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की कवितेला शरीरही असतं. हा आनंद खरा होता आणि त्याबद्दल मला आजही अपराधी वाटत नाही. पण ते पुस्तक दुर्मीळ व्हावं म्हणून कुणी काढलं नव्हतं. ते लोकांनी वाचावं म्हणून काढलं होतं.

प्रती मोजक्या का असतात, याचा मी पुढे बराच अभ्यास केला. विल्यम ब्लेक या कवी-चित्रकाराने १७८९ साली ‘साँग्ज ऑफ इनोसन्स’ काढलं तेव्हा कविता आणि चित्र एकाच तांब्याच्या पत्र्यावर होतं. अक्षरं उलटी लिहायची, आम्लाला पत्रा खाऊ द्यायचा, छापायचं आणि मग एकेक पान हाताने रंगवायचं. रंगवायला बायको कॅथरीन असे. तिथे प्रती थोड्या, कारण हात दोनच आणि तेही थकणारे. १८७५ साली पॅरिसमध्ये कवी मालार्मेने अमेरिकन कवी पोच्या ‘द रेव्हन’ या कवितेचा फ्रेंच अनुवाद केला आणि माने या चित्रकाराने त्यासाठी शिळाछापाची चित्रं काढली. २४० प्रती ठरल्या, त्यांवर दोघांच्या सह्या. तेव्हा त्या फारशा खपल्याही नाहीत. विल्यम मॉरिसने १८९६ साली जुना इंग्रज कवी चॉसर छापला : ८७ चित्रं, कागदावर ४२५ प्रती आणि चामड्यावर १३. मॉरिस हाडाचा समाजवादी. सामान्य माणसाच्या घरात सुंदर वस्तू असाव्यात म्हणून आयुष्यभर बोलला, आणि त्याची पुस्तकं गेली श्रीमंतांच्याच घरी. हे त्याला डाचत होतं.

मग दुसरा प्रकार आला. चित्रकार मातिसने मालार्मेच्या कवितांसाठी २९ एचिंग केली, १९३२ साली त्या पुस्तकाच्या १४५ प्रती निघाल्या. अशा पुस्तकांच्या व्यवहारात एक रीत आहे. ठरलेल्या प्रती छापून झाल्या की पत्र्यावर आडव्यातिडव्या रेघा ओढून तो बाद करतात. पुढे कुणाला आणखी एक ठसा काढता येऊ नये, म्हणजे घेणाऱ्याला खात्री. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते योग्य वाटलं. आपल्याकडे जे आहे ते दुसऱ्याकडे असणार नाही, हे जाणून बरं वाटलं. त्या बरं वाटण्याकडे मी तेव्हाच नीट बघायला हवं होतं.

आता ३१ क्रमांकाची गोष्ट.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावी हायस्कुलात मराठी शिकवणारे एक सर वारले. त्यांच्या मुलीला घर आवरायचं होतं. ओळखीतून निरोप आला, मी गेलो. चार ट्रंका पुस्तकं. बहुतेक वाळवी लागलेली, काही चांगली. त्यांत एका पुस्तकाला शाळेच्या वहीसारखं खाकी कव्हर घातलेलं होतं, वर चिठ्ठी चिकटवून सरांनी वळणदार अक्षरात संग्रहाचं नाव लिहिलेलं. मी शेवटचं पान उघडलं आणि माझ्या छातीत धस्स झालं. २०० प्रतींतली ही प्रत मी वीस वर्षं शोधत होतो.

मुलगी समोरच बसली होती. तिने विचारलं, “त्यात काही विशेष आहे का हो?”

मी म्हणालो, “कवितेची पुस्तकं आजकाल कोण घेतं, ताई?”

हे वाक्य खोटं नाही. म्हणूनच ते माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं. चारही ट्रंकांचे मी ६,००० रुपये दिले. तिने चहा केला, निघताना मुलाला सांगून ट्रंका गाडीत ठेवून दिल्या आणि म्हणाली, “बाबांची पुस्तकं वाचणाऱ्या माणसाकडे गेली, बरं झालं.” त्या एका पुस्तकाची किंमत तेव्हाही माझ्या ६,०००च्या कितीतरी पट होती, आणि मला ती ठाऊक होती.

एवढंच असतं तरी पुरे होतं. पण माझी खरी चूक घरी आल्यावर झाली.

खाकी कव्हर मी काढून टाकलं. आत जवळजवळ प्रत्येक पानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. कडेला उभ्या रेघा, कुठे प्रश्नचिन्ह, कुठे अर्थ, कुठे दोन-तीन ओळींची टिपणं. आमच्या या छंदात नियम सोपा आहे : प्रत जितकी कोरी तितकं मोल जास्त. मी चित्रकार वापरतात ते मऊ खोडरबर आणलं, दोन संध्याकाळी बसलो आणि सगळं खोडून काढलं. कागद दुखावणार नाही अशा बेताने, एकाच दिशेने, मऊ ब्रशने कण झटकत.

काही गोष्टी मला आता लख्ख आठवतात. खोडताना मी ते वाचत नव्हतो. माझी नजर कागदाच्या पोतावर होती. आणि शेवटच्या पानावर आलो तेव्हा मी हात आवरला, कारण चित्रकाराची सही पेन्सिलीतली होती, तिला धक्का लागू नये. छापचित्रांवर पेन्सिलीने सही करायची जुनी पद्धत आहे. दोन्हीकडे तेच शिसं, तसाच मानवी हात. एका हाताला मी जपलं आणि दुसऱ्याला पुसलं. पुसलं तो हात त्या कविता चाळीस वर्षं वाचत आला होता.

सहा महिन्यांपूर्वी मुलीचा फोन आला. तिच्या आईला आता फारसं आठवत नाही, माणसंसुद्धा ओळखू येत नाहीत. त्या संग्रहातली एक कविता सर दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला आईला वाचून दाखवायचे, आणि वाचली की त्या पानाच्या कडेला तारीख टाकायचे. “पुस्तक नको मला,” ती म्हणाली. “ते तुमचंच आहे. फक्त त्या पानाचा मोबाइलवर फोटो पाठवाल का? बाबांचं अक्षर बघून आईला काही आठवलं तर...”

मी म्हणालो, “शोधून पाठवतो.”

शोधायचं काय होतं? पुस्तक माझ्या हाताच्या अंतरावर होतं.

या सहा महिन्यांत मी स्वतःची समजूत घालायचे बरेच मार्ग शोधले. त्यातला एक सांगतो. टेड ह्यूज या इंग्रज कवीने १९९८ साली, म्हणजे मृत्यूच्याच वर्षी, आपली दिवंगत पत्नी सिल्व्हिया प्लाथ हिच्यावरच्या कवितांचा ‘बर्थडे लेटर्स’ हा संग्रह काढला. तो हजारोंनी वाचला. त्याच वर्षी त्याने त्याच दुःखाच्या ११ कविता वेगळ्या काढून आपला चित्रकार मित्र लिओनार्ड बास्किन याच्या गेहेना प्रेसला दिल्या. ‘हाउल्स अँड व्हिस्पर्स’ नावाचं ते पुस्तक, बास्किनची एचिंग, अवघ्या ११० प्रती. सामान्य वाचकाला त्या कविता सहज मिळाल्या त्या २००३ साली, ह्यूजच्या समग्र कवितांमध्ये. मी स्वतःला म्हणायचो, बघ, एवढा मोठा कवीदेखील काही गोष्टी मोजक्यांपुरत्या राखतो, राखण्यात वाईट काय? पण ह्यूजने राखलं ते त्याचं स्वतःचं होतं. दुःख त्याचं, शब्द त्याचे, कुणाला किती द्यायचे हे ठरवणारा तोच. सरांनी पानाच्या कडेला जे राखलं होतं ते माझं नव्हतं. ६,००० रुपयांत मला पुस्तक मिळालं होतं. ते चाळीस वर्षांचं वाचन त्या पैशांत आलं नव्हतं, आणि मी ते विकत घेतल्यासारखं पुसून टाकलं.

दुसरं, जास्त त्रास देणारं. मी मित्रांना नेहमी सांगत आलो की आम्ही जमवणारे आहोत म्हणून ही पुस्तकं टिकतात, नाहीतर रद्दीत गेली असती. माझ्या कपाटात सत्तरच्या वर अशी पुस्तकं आहेत. या महिन्यात मी एकेक काढून प्रामाणिकपणे तपासली. त्यातल्या २३ पुस्तकांतली एकही कविता मी वाचलेली नाही. सही बघितली, क्रमांक बघितला, चित्रं बघितली, प्लॅस्टिकच्या वेष्टनात घालून ठेवली. त्यांपैकी दोन पुस्तकांची पानं अजून कापलेलीसुद्धा नाहीत. खाकी कव्हर घालून, पेन्सिल हातात धरून वाचणाऱ्या त्या माणसाने पुस्तक जपलं नव्हतं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

परवा रात्री मी मुलीला फोन केला. सगळं सांगितलं. कवितेची पुस्तकं कोण घेतं म्हणालो होतो तेही, किमतीचंही, आणि शेवटी खोडरबराचं. बोलताना मधेच सबबी यायला लागल्या, त्या गिळल्या. ती बराच वेळ गप्प होती. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. मग तिने विचारलं, “म्हणजे अगदी काहीच दिसत नाही का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण खोडल्यापासून मी ते पान नीट पाहिलंच नव्हतं. दिवा मालवून मोबाइलचा टॉर्च पानाच्या कडेला, जवळजवळ कागदाला टेकवून धरला. हातकागद मऊ असतो, पेन्सिलीचा टोकदार दाब त्यात रुततो. शिसं गेलं होतं पण चरे राहिले होते. आडव्या उजेडात कवितेच्या डाव्या कडेला खालपर्यंत उतरत गेलेली बारीक खाचांची एक ओळ उभी राहिली. भिंग घेतलं. पहिली तारीख लागायला वीस मिनिटं लागली : १४-५-८१. तिच्याखाली १४-५-८२. त्यानंतरची एक तारीख १६ मेची आहे. त्या वर्षी दोन दिवस उशीर का झाला, हे बहुतेक फक्त तिच्या आईला माहीत असेल.

रविवारी सकाळच्या गाडीने निघतोय. पुस्तक बरोबर आहे. खाकी कागद घेतला आहे, पण कव्हर घालायचं की नाही हे तिलाच विचारेन. आतापर्यंत ११ तारखा लागल्या. बाराव्या ओळीवर मी खोडरबर जास्त जोरात फिरवलं असावं, तिथे कागदाचे तंतू वर आलेत, आणि कसाही उजेड धरला तरी वर्षातला एक ९ तेवढा दिसतो.