दुखतंय नेमकं कुठे?

कंबर धरली की आपल्याकडे दवाखान्यात पोचण्याआधीच निदान तयार असतं. 'गॅप आलाय', 'गादी सरकलीय', नाहीतर 'नस दबलीय'. दर दोन मणक्यांच्या मागच्या अंगाला डावीउजवीकडे एकेक छोटा सांधा असतो आणि तोही गुडघ्यासारखाच झिजतो, दुखतो. त्याचं नाव मात्र कुणी घेत नाही.

१९३३ मध्ये घोर्मली या डॉक्टरांनी या सांध्यांच्या दुखण्याला वैद्यकात नाव मिळवून दिलं. पुढच्याच वर्षी मिक्स्टर आणि बार यांनी सरकलेल्या गादीवरच्या शस्त्रक्रियांचा लेख छापला आणि पुढची कित्येक दशकं गादीचीच झाली. मला यात पुराव्यापेक्षा सोयीचा भाग जास्त दिसतो. गादीचा तुकडा काढून बशीत ठेवता येतो, सांध्याचा ठणका ठेवता येत नाही.

त्यात या सांध्यांच्या नसांची मांडणी मोठी गुंतागुंतीची. कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधला सांधा घ्या. त्याला संवेदना पुरवतात तिसऱ्या आणि चौथ्या नसेच्या मागे वळलेल्या बारीक फांद्या. त्यातली चौथीची फांदी खालच्या सांध्यालाही जाते, शिवाय कण्यालगतच्या खोल स्नायूलाही. सामाईक नळावरच्या तक्रारीसारखं हे; गळती कुणाच्या घरात, ते टाकीपाशी बसून कळत नाही. मेंदू टाकीपाशी बसलेला. म्हणून दुखणं कधी कुल्ल्यात जाणवतं, कधी मांडीत. मूनी आणि रॉबर्टसन या डॉक्टरांनी १९७६ मध्ये या सांध्यांत खारं पाणी टोचलं, तर कळ पायात उतरली. नस कुठेच दबलेली नव्हती.

एमआरआयचाही फार उपयोग नाही. १९९४ मध्ये पाठ न दुखणाऱ्या ९८ जणांचे फोटो तपासले गेले. सगळ्या गाद्या ठीक असलेले फक्त ३६ टक्के निघाले.

उरतो एकच मार्ग: नस काही तास बधिर करायची आणि माणसालाच विचारायचं. मणक्याचं आडवं हाड सांध्याच्या वरच्या हाडाला जिथे मिळतं, त्या खोबणीत क्ष-किरणांखाली सुई टेकवून थेंबभर औषध सोडतात. मग, "आता वाका बघू. कसं वाटतंय?" एकदा लिग्नोकेन, दुसऱ्या खेपेला जास्त वेळ टिकणारं बुपिवाकेन, कोणतं ते रुग्णाला सांगायचं नाही. आराम त्या त्या औषधाइतकाच टिकला, तर सांध्यावर बोट ठेवता येतं. एका सुईवर भागवलं, तर पुष्कळांच्या बाबतीत फसगत होते.

इतका काटेकोरपणा कशाला, तर याला इतिहास आहे. १९७० च्या दशकात शीली नावाचे डॉक्टर उष्णतेने या नसा जाळत होते आणि रुग्णांना बरं वाटल्याचं सांगत होते. १९७९ मध्ये बॉग्डुक आणि लाँग या संशोधकांनी मृतदेहांवर पाहणी केली. सुई जिथे तापवत होते, तिथे सांध्याची नस नव्हतीच! तरी बरं वाटलेले लोक खोटं बोलत होते असं मी मानत नाही. सुई, यंत्र, आपल्याकडे कुणीतरी लक्ष देतंय हा दिलासा, या सगळ्यांनी त्यांची कळ खरोखर हलकी झाली असेल.

२०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या चाचण्यांत व्यायामाला नस जाळण्याची जोड देऊन म्हणण्याजोगा फायदा दिसला नाही. टीकाकार म्हणाले, रुग्ण निवडतानाची चाचणीच सैल होती. म्हणजे भांडण पुन्हा 'कसं वाटतंय?' या प्रश्नावरच आलं. 'बरं वाटतंय ना?' असं विचारणारा डॉक्टर उत्तर आधीच देऊन बसतो; नीट चाचणी करणाऱ्याला 'नाही, तसंच आहे' हेही तितक्याच शांतपणे लिहून घ्यावं लागतं.