फडके आणि हात

शास्त्रपाठ : योहानकृत शुभवर्तमान, अध्याय १३, वचने १ ते १७



पुष्कळ मंडळ्यांतून स्त्रियांच्या सभेत दोन सुयांवरचे विणकाम शिकवितात. शिकणाऱ्या बहिणीस पहिल्याच दिवशी लोकरीचा स्वेटर विणण्याची हौस असते. परंतु पहिले काम म्हणून अंग पुसण्याचे साधे सुती फडकेच द्यावे, असे आमचे मत आहे. ते सोपे आहे हे एक कारण झाले. दुसरे कारण वरील शास्त्रपाठात आहे.

प्रथम कृती सांगतो. सुया बांबूच्याही चालतात; दाभणाहून जाड व पेन्सिलीहून बारीक अशा घासून गुळगुळीत कराव्या. सूत चारपदरी व सैल पिळाचे असावे. सुईवर ४ टाके घालून एक ओळ सुलट विणावी. पुढे प्रत्येक ओळीत दोन टाके विणून झाले की सूत एकदा सुईवरून घ्यावे व उरलेले टाके सुलट विणावे. म्हणजे ओळीगणिक एक टाका वाढतो. ४४ टाके झाले की वाढ थांबवावी. मग प्रत्येक ओळीत एक टाका विणावा, दोन एकत्र विणावे, सूत सुईवरून घ्यावे, पुन्हा दोन एकत्र विणावे, आणि बाकीचे सुलट विणीत जावे. असे केले असता टाके कमी होत होत शेवटी ४ च उरतात. ते बंद केले की सुमारे वीतभर लांब व वीतभर रुंद असा चौकोन हाती येतो. ह्या वाढण्यावर व कमी होण्यावर एखादा उपदेशक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे वचन लावील, लावो बापडा. आम्हांस दुसरेच सांगावयाचे आहे.

मागावरच्या कापडात उभे व आडवे असे निराळे सूत असते. ह्या फडक्यात एकच धागा फासातून फास काढीत आरंभापासून शेवटपर्यंत जातो. दोन्ही बाजूंस शेतातल्या सरी-वरंब्यांसारख्या ओळी उठतात, व त्यांत अंगावरचा मळ धरला जातो. लोकर भिजली म्हणजे दुबळी होते. कापसाचा धागा भिजला म्हणजे अधिक बळकट होतो. शिवाय तो पाणी पितो आणि उकळले तरी बिघडत नाही. आपल्याकडे अंग घासावयास वाळलेल्या घोसाळ्याची जाळी घेतात. धडधाकट शेतकऱ्याच्या पाठीस ती चांगलीच आहे. परंतु महिनोन्‌महिने अंथरुणास खिळलेल्या म्हाताऱ्याच्या कातडीस ती सोसत नाही. त्याला हे मऊ फडकेच पाहिजे.

आता शास्त्रपाठाकडे वळू. वल्हांडणाच्या सणापूर्वीची ती रात्र होती. माडीवरच्या खोलीत पाणी होते, गंगाळ होते, रुमालही होता. बारा शिष्य धुळीच्या वाटेने आले होते व पाय धुण्याची गरज प्रत्येकास दिसत होती. तरीही कोणी उठला नाही. पाय धुणे हे त्या देशात दासाचे काम. ते एकदा केले तर जन्मभर आपल्याच गळ्यात पडेल, असे प्रत्येकास वाटले असेल. शेवटी जो गुरू व प्रभू होता तोच भोजनावरून उठला, त्याने आपली वस्त्रे काढून ठेवली, तो रुमाल कमरेस बांधला आणि एकेकाच्या पायांपाशी बसला. यहूदा इस्कार्योत तेव्हा अजून बाहेर गेला नव्हता, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. त्याचेही पाय धुतले गेले, व त्याच रुमालाने पुसले गेले.

त्या खोलीत सामानाची वाण नव्हती. वाण होती ती हातांची. आपल्या मंडळ्यांची गोष्ट फार वेगळी आहे काय? फडकी विणून होतात, त्यांचे गाठोडे बांधून इस्पितळास पाठविले जाते, व अहवालात त्यांची संख्या नमूद होते. हे चांगले आहे. १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा तेथील रेड क्रॉसने लोकांस सैनिकांसाठी विणावयास सांगितलेल्या जिनसांत मफलर व स्वेटर यांबरोबर अशी सुती फडकीही होती. विणणारणीच्या व त्या सैनिकाच्या मध्ये समुद्र होता. तिला स्वतः जाता येत नव्हते. परंतु आपल्या गावातील दोन वस्त्यांमध्ये समुद्र नाही. फार तर एक ओढा असतो, आणि तोही उन्हाळ्यात कोरडा पडतो.

येथे एक कटू गोष्ट बोलणे भाग आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी आपण जातीचे नाव सोडले असे म्हणतो. परंतु पलीकडच्या वस्तीतील म्हातारी विधवा अंथरुणास खिळली, तिचे अंग धुवावयास कोणी उरले नाही, की ते नाव हळूच परत येते. ‘ते लोक पूर्वी कोण होते’ ही कुजबुज सुरू होते. तिच्या घरी प्रार्थनेस जाणारे आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांतील काही उंबरठ्याबाहेर उभे राहूनच आमेन म्हणतात. प्रभूच्या मेजाशी एका भाकरीचे भागीदार व्हावयाचे आणि त्या म्हातारीच्या पाठीस हात लावावयाचा नाही, हे कसे जमते? गलतीकरांस लिहिलेल्या पत्राचा तिसरा अध्याय तर आपल्या लेकरांसही तोंडपाठ असतो.

यापो येथील दुर्कस हिची कथा (प्रेषितांची कृत्ये, अध्याय ९) पाहा. ती मरण पावली तेव्हा विधवा रडत उभ्या होत्या व तिने केलेले कपडे पेत्रास दाखवीत होत्या. कपडे कोणी केले हे त्यांस ठाऊक होते. दुर्कस त्यांच्यामध्ये वावरत असे.

तेव्हा पाळक व उपदेशक बंधूंनो, हे काम बायकांचे म्हणून त्यांच्यावर सोडून देऊ नका. रुमाल बांधणारा पुरुष होता आणि गुरूही होता. पुरुष रोग्याची शुश्रूषा पुरुषांनी करावी, स्त्रियांची स्त्रियांनी. मंडळीत फडकी तयार झाली की ती कोणास द्यावयाची एवढेच न ठरविता, ती घेऊन कोण जाणार याचीही नावे लिहावी. आणि एका वस्तीच्या घरी दुसऱ्या वस्तीचा मनुष्य जाईल असे पाहावे.

जाणाऱ्याने पाणी कोमट घ्यावे. प्रथम तोंड, मग हात, मग पाठ, शेवटी पाय असा क्रम ठेवावा. जेवढा भाग धुवावयाचा तेवढाच उघडा करावा व लगेच कोरडा करावा, म्हणजे रोग्यास थंडी वाजत नाही व लाजही राखली जाते. एका रोग्याचे फडके दुसऱ्यास वापरू नये. वापरून झाल्यावर उकळून उन्हात वाळवावे. पाठीवर किंवा कमरेच्या हाडावर लाल डाग दिसला तर तेथे घासू नये. रोग्यास कुशीवर वळवावे आणि त्याच दिवशी नर्सबाईस अथवा डॉक्टरांस कळवावे.